कासवाचं कवच : घर नव्हे, शरीर!



"कासव आपलं घर पाठीवर घेऊन फिरतं," हे वाक्य मी चौथीच्या वर्गात दरवर्षी सांगायचे. मुलांना ते फार आवडायचं. पण यंदा एक मुलगा शाळा सुटल्यावर हळूच जवळ आला आणि म्हणाला, "बाई, आमचं कासव ओट्यावरून पडलं. त्याच्या घराला चीर गेलीय. गोंद लावून बुजवू का? पप्पा भिंतीची चीर सिमेंटने बुजवतात तशी."

चूक त्याची नव्हती, माझ्या वाक्याची होती.

कवच म्हणजे काय?
कासवाचं कवच 50 हून अधिक हाडं एकत्र जुळून तयार होतं. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यालाच जोडलेल्या असतात. वरचे खवले आपल्या नखांसारख्या केराटिनचे असतात. त्याखालच्या हाडाला रक्तपुरवठा असतो, संवेदना असतात. म्हणजे कवचाला लागलं की कासवाला दुखतं. ते कवचातून बाहेर पडूच शकत नाही. गोंद लावला तर जंतू आतच कोंडले जातात आणि जखम चिघळते.

किरकोळ जखम असेल तर :
1. आधी स्वच्छ कोमट पाण्याने किंवा सलाइनने जखम हलकेच धुवा.
2. पोविडोन आयोडिन पाण्यात मिसळून कोऱ्या पातळ चहाच्या रंगाचं करा आणि कापसाने लावा.
3. तेल, हळद, रंग, गोंद काहीही लावू नका.
4. पाण्यातलं कासव असेल तर त्याला स्वच्छ, कोरड्या, उबदार टबात ठेवा. खाण्यापिण्यासाठी रोज थोडा वेळच पाण्यात सोडा. किती वेळ, ते डॉक्टरांना विचारा.
5. जखमेवर माश्या बसू देऊ नका, अळ्या पडतात.
6. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. त्याच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात.

रक्त येत असेल, तुकडा हलत असेल, आतलं मांस दिसत असेल, वास येत असेल किंवा कुत्रा चावला असेल, तर घरी वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. चीर लहान दिसली तरी एकदा दाखवलेलं बरं.

कासव कोणतं, तेही पाहा
या मुलाकडचं कासव डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, परदेशी जातीचं होतं. असं कासव नकोसं झालं म्हणून नदी-तळ्यात सोडू नये, आपल्या देशी कासवांना त्याचा त्रास होतो. आणि आपली चांदणी कासवं वगैरे देशी जाती घरी पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. जखमी देशी कासव सापडलं तर वन विभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी 1926 हा क्रमांक आहे.

वर्गात काय करता येईल?
मुलांना आपलं नख दाबायला सांगा. नख कडक, पण दाब आत जाणवतो ना? मग विचारा, "कासवाच्या पाठीवर टकटक केली तर त्याला कळत असेल का?" उत्तर मुलंच देतात.

त्या मुलाच्या आईने दुसऱ्याच दिवशी कासव डॉक्टरांकडे नेलं. चीर अजून दिसते, कवच भरायला महिने लागतात. पण ते पुन्हा खायला लागलंय. आणि मी ते 'घरा'चं वाक्य आता बदललंय : "कासव घर घेऊन फिरत नाही, मुलांनो. ते त्याचं अंगच आहे."