चढ चाला, उतार शिका

पन्नाशीनंतर पळायला लागलेल्यांना रस्त्यापेक्षा डोंगर बरा, हे माझं मत कात्रज-सिंहगड केल्यावर पक्कं झालं. रस्त्यावर चालायला लागलं की हरल्यासारखं वाटतं. ट्रेलवर मात्र खडा चढ चालूनच जायचा असतो. अल्ट्रा पळणारेही मांड्यांवर हात दाबत चढतात. त्यामुळे जुन्या ट्रेकरचं चढाला फारसं अडत नाही. अडतं ते उतरताना.

वाट सगळ्यांना ठाऊक आहे: जुन्या कात्रज बोगद्याजवळच्या वाघजाई मंदिरापासून भुलेश्वर रांगेचा माथा धरायचा, सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड ठेवायचं आणि गडाच्या घाटरस्त्याला लागायचं. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. टेकड्या किती, यावर प्रत्येक ग्रुपचा वेगळा हिशेब. पौर्णिमेच्या रात्री इथे स्पीकर लावून जत्रा चालते, त्यामुळे आम्ही थंडीतली आडवारची सकाळ निवडली. शिवाय घसाऱ्यावर टॉर्चच्या उजेडात पळण्याची हौस मला नाही.

सोबत भाची होती. ती डोंगरातल्या शर्यती पळते. दुसऱ्याच उतारावर ती म्हणाली, "आत्या, तू घाटात सतत ब्रेक दाबून गाडी उतरवावी तशी उतरतेयस. वास येईल आता!"

खरं होतं. पाठीवर सॅक घेऊन वर्षानुवर्षं उतरलं की धड मागे रेलतं, पाय ताठ होतो आणि टाच रोवली जाते. ताठ पायाचा दणका थेट गुडघ्याला बसतो. मुरमावर रोवलेली टाच सटकली की माणूस बसतोच. भाचीनं सांगितलं ते असं: गुडघे किंचित वाकलेले ठेव. धड घोट्यांपासून जरासं पुढे. पावलं छोटी आणि भराभर, पाय पुढे फेकायचा नाही, अंगाखालीच पडू द्यायचा. हात मोकळे, बाजूला. नजर बुटांवर नको, चार-पाच पावलं पुढे. पाय थोडा घसरला तर घसरू दे, तोवर दुसरा पडलेला असतो. कातळाचा टप्पा किंवा दरीकडची वळणं मात्र निमूट चालायची.

पहिल्या दोन उतारांना भीती वाटली. मग पावलांना लय सापडली. एरवी निम्म्या वाटेत कुरकुरणारे गुडघे शेवटपर्यंत गप्प राहिले, याचं मलाच नवल वाटलं. त्यांची वसुली मांड्यांनी केली. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. कमोडवर बसणं हा तेव्हा वेगळा ट्रेक होता. पण एकदा हा ताण बसला की पुढचे काही आठवडे स्नायू त्याला सरावलेले राहतात. म्हणून मोठ्या ट्रेलच्या दोन-तीन आठवडे आधी निव्वळ उतारांचा एक दिवस ठेवा. वेताळ टेकडी किंवा तळजाईवरचा छोटा उतार पुरतो: चालत वर, पळत खाली, पुन्हा वर. घरी जिन्याच्या पायरीवर उभं राहून एक पाय सावकाश खाली टेकवायचा सराव करा.

वयाचं म्हणाल तर सुरुवातीआधी रक्तदाब, साखर, ईसीजी बघून घ्या. डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्टही. पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग. जोराच्या दिवसानंतर दोन दिवस हलके.

बूट अर्धा नंबर मोठे, नखं कापलेली, नाडी घोट्याशी घट्ट. नाहीतर उतारावर बोटं पुढे आपटून नख काळं पडतं. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांत घुसतात, गेटर वापरा. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळानं पुण्याला पाणी नेलं, पण या माथ्यावर घोटभर मिळण्याचा भरवसा नाही. दोन लिटर पाणी आणि मीठ-साखर सोबत हवी.

"डोंगर काय पळून बघायचा असतो?" असं विचारणारे अस्सल ट्रेकर भेटतील. त्यांना वाट द्या, रामराम करा, पुढे जा. चिप्सची पाकिटं पिकनिकवाल्यांची, हे आपण ठासून सांगतो. एनर्जी जेलची फाडलेली टोकं मात्र पिकनिकवाले टाकत नाहीत. ती खिशात घाला.

सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्राचे फोटो बघून लगेच नाव नोंदवू नका. आधी दोन-चार टेकड्या पळत उतरा. तिसऱ्या दिवशी कठडा न धरता घरचा जिना उतरता आला, तर छोट्या अंतरापासून सुरुवात करायला हरकत नाही.