इशारा आणि धोका

रात्री शेताची राखण करणाऱ्या शेतकऱ्याजवळ कुत्रा असतो. पाचोळा सळसळला तरी तो भुंकू लागला, तर धनी पहिल्या रात्री चार वेळा उठेल, दुसऱ्या रात्री एकदा उठेल आणि तिसऱ्या रात्री कूस बदलून झोपी जाईल. नेमकी त्याच रात्री रानडुकरे पिकात शिरली, तर दोष कोणाचा? कुत्रा तर भुंकला होता. यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत आज हाच प्रश्न उभा आहे.

मोठ्या संगणककेंद्रात शेकडो सर्व्हर अहोरात्र चालू असतात. त्यांचे तापमान, डिस्कवरील शिल्लक जागा, कामाचा भार यांची नोंद देखरेखीचे सॉफ्टवेअर सतत घेते. एखादा आकडा ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की ते पहाऱ्यावरील अभियंत्यास इशारा देते. मर्यादा फार कडक ठेवल्यास निष्कारण इशाऱ्यांचा पूर येतो. फार सैल ठेवल्यास खरा धोका नजरेतून सुटतो. यांतून मार्ग कसा काढावा, याचा उत्तम धडा बंगळुरूच्या एका केंद्रात पाहावयास मिळतो. तेथे पहारा मात्र संगणकांवर नसून उपग्रहांवर असतो.

लाखातून तेवीस

बंगळुरूच्या पीण्या भागात इस्रोचे ‘इस्ट्रॅक’ हे केंद्र आहे. भारतीय उपग्रहांचा मागोवा घेणे व त्यांना आज्ञा देणे हे त्याचे कार्य. अवकाशातील अशा धोक्यांवर लक्ष ठेवणारी खास व्यवस्थाही 2022 च्या जुलैमध्ये बंगळुरूत सुरू झाली. पृथ्वीजवळच्या कक्षांत निकामी उपग्रह, अग्निबाणांचे टप्पे आणि त्यांचे तुकडे सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने फिरत असतात. त्यांपैकी एखादी वस्तू आपल्या उपग्रहाजवळून जाणार असे दिसले की अमेरिकेच्या अवकाश विभागाकडून इशारा येतो. 2023 या एका वर्षात असे सुमारे एक लाख इशारे आले!

प्रत्येक वेळी उपग्रह बाजूस सारणे शक्य नसते. त्यासाठी मोजके इंधन खर्च होते आणि उपग्रहाचे आयुष्य घटते. शिवाय नव्या मार्गावर दुसरी वस्तू आड येणार नाही ना, हेही तपासावे लागते. म्हणून स्वतःच्या उपग्रहांच्या कक्षेची अधिक अचूक माहिती घेऊन शास्त्रज्ञ गणित पुन्हा मांडतात. या छाननीत एक किलोमीटरच्या आतील सान्निध्याचे 3,033 इशारे काढण्यात आले आणि प्रत्यक्ष मार्ग बदलावा लागला तो 23 वेळा. बाकीचे इशारे कंटाळून दुर्लक्षिलेले नव्हते. ते मोजून बाजूस ठेवलेले होते. हा भेद महत्त्वाचा आहे.

इशारा खरा ठरल्याचे एक उदाहरण 2021 मधील आहे. चंद्राभोवती फिरणारे भारताचे चांद्रयान-2 व अमेरिकेचे एक यान 20 ऑक्टोबर रोजी चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ परस्परांच्या फार निकट येणार होते. आठवडाभर दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी गणित पुन्हा पुन्हा केले; उत्तर तेच राहिले. तेव्हा 18 ऑक्टोबर रोजी चांद्रयान-2 चा मार्ग बदलण्यात आला.

शांततेची किंमत

छाननीत चूक झाल्यास काय होते? 10 फेब्रुवारी 2009 रोजी सायबेरियावर, सुमारे 790 किलोमीटर उंचीवर, इरिडियम-33 हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस-2251 हा निकामी रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले. प्रसिद्ध झालेल्या एका गणिताप्रमाणे त्यांच्यात 584 मीटर अंतर राहावयाचे होते आणि त्या दिवशीच्या यादीत याहून निकटचे प्रसंग अनेक होते. आकडा निर्धास्त करणारा होता. परंतु त्या आकड्यातील संभाव्य चूक आकड्याहून मोठी होती. म्हणून मर्यादा ठरविताना मोजमाप किती भरवशाचे आहे, हेही पाहावे लागते.

दुसरा धडा अमेरिकेतील ओहायो राज्याचा. 14 ऑगस्ट 2003 रोजी तेथील एका वीज कंपनीच्या नियंत्रणकक्षातील इशारा देणारे सॉफ्टवेअरच बंद पडले. तासाभराहून अधिक काळ कर्मचाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. इशारा नाही म्हणजे सर्व ठीक, असे त्यांना वाटत राहिले. त्या दिवशी अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली.

संगणककेंद्रासाठी नियम

या अनुभवांतून निघणारे नियम असे :

1. क्षणभर वाढलेल्या आकड्यावर इशारा देऊ नये. तो काही मिनिटे टिकतो का, हे पाहावे.

2. एका कारणाचा एकच इशारा असावा. जाळ्याचा एक जोड तुटल्याने शंभर सर्व्हर दिसेनासे झाले, तर शंभर हाका न मारता तुटलेला जोड दाखवावा.

3. ज्या इशाऱ्यानंतर कोणी काहीच करावयाचे नसते, तो नोंदवहीत जावा. त्याने कोणाची झोप मोडू नये.

4. दुरुस्तीच्या वेळी इशारा दाबावा लागतो. तेव्हा कारण, जबाबदार व्यक्ती व मुदत लिहावी. मुदत संपताच तो आपोआप पुन्हा सुरू व्हावा.

5. पहारेकऱ्यावरही पहारा असावा. देखरेखीच्या सॉफ्टवेअरने ठरावीक वेळाने ‘मी जागा आहे’ असे कळवावे आणि ते न कळविल्यास दुसऱ्या यंत्राने हाक द्यावी.

शेतकऱ्याने कुत्र्याचे तोंड बांधले तर झोप मिळेल, पण पीक जाईल. पाचोळा कोणता आणि रानडुक्कर कोणते, हे त्यास ओळखावयास शिकविणे, हाच खरा उपाय होय.

अभ्यासासाठी प्रश्न

1. 2023 मध्ये आलेल्या सुमारे एक लाख इशाऱ्यांपैकी मार्ग बदलण्याची वेळ शेकडा किती प्रसंगी आली?

2. 584 मीटर हे अंतर सुरक्षित का ठरले नाही?

3. तुमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी इशारा देणारे यंत्र बसवावयाचे आहे. त्याची मर्यादा कशी ठरवाल?