मागील पानावरून पुढे : आभासी सर्व्हरांचे अद्ययावतीकरण आणि जुन्या बॅकअपची जपणूक

बँकेच्या कामकाजात वहीला पूर्वापार मान आहे. कीर्द असो वा खतावणी, एक वही भरली की तिची अखेरची शिल्लक नव्या वहीत ओढली जाते आणि भरलेली वही बासनात बांधून अभिलेख-कक्षात जाते. नवी वही आली म्हणून जुनी कोणी फेकून देत नाही; कारण वाद उपस्थित झाला, तर निवाडा जुन्या वहीवरच होतो.

आज वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे आणि संगणकाच्या जगात 'नवी वही' फार लवकर येते. ज्या प्रणालीवर बँकांचे अनेक सर्व्हर चालतात ती आभासीकरण प्रणाली दर काही वर्षांनी बदलावी लागते. या बदलात सर्वांचे लक्ष चालू कामकाज बंद पडू नये याकडे असते. ते योग्यच आहे. परंतु गेल्या अनेक वर्षांचे बॅकअप बदलानंतरही वाचता येतील का, हा प्रश्न मात्र पुष्कळदा मागे राहतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आभासीकरण म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर असे. आभासीकरणामुळे एकाच शक्तिमान यंत्रावर अनेक 'आभासी यंत्रे' एकमेकांपासून अलिप्त राहून चालू शकतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने ती सामान्य सर्व्हरांवर रुजविली. आपण तिच्याच व्हीस्फिअर या प्रणालीचे उदाहरण घेऊ. तिचे दोन मुख्य घटक आहेत : प्रत्येक यजमान सर्व्हरवर बसणारी ईएसएक्सआय प्रणाली आणि त्या सर्वांचे नियंत्रण करणारे व्हीसेंटर.

व्हीस्फिअर ७.० ही आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये आली आणि तिचा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे सुमारे साडेपाच वर्षांचे आयुष्य. आधार संपलेल्या प्रणालीला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून ती बदलणे भाग पडते. उलटपक्षी, बँकिंग कंपन्यांच्या अभिलेख जतनासंबंधीचे १९८५ चे नियम काही अभिलेख किमान ५ वर्षे, तर काही किमान ८ वर्षे जपण्यास सांगतात. अर्थ उघड आहे. अभिलेखाचे आयुष्य ते निर्माण करणाऱ्या प्रणालीच्या आयुष्याहून मोठे असू शकते. त्यामुळे जुना बॅकअप नव्या प्रणालीत वाचण्याची वेळ आज ना उद्या येणारच.

बॅकअपची साखळी आणि यंत्राची ओळख

दररोज संपूर्ण सर्व्हरची प्रत काढणे परवडत नाही. म्हणून एकदा पूर्ण प्रत घेऊन पुढे दर रात्री फक्त बदललेला भाग साठविला जातो. २००९ मध्ये व्हीस्फिअरच्या चौथ्या आवृत्तीत आलेली 'चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग' ही सोय कोणता भाग बदलला याची नोंद ठेवते. अशा रीतीने पूर्ण प्रत आणि तिच्यापुढील रोजचे बदल यांची साखळी तयार होते. मधली एक कडी निखळली, तर तिच्यावर आधारलेल्या पुढच्या कड्या निरुपयोगी ठरतात.

आता कळीचा मुद्दा असा की, बॅकअप प्रणाली बहुधा आभासी यंत्राला त्याच्या नावाने ओळखत नाही, तर व्हीसेंटरने त्याला दिलेल्या अंतर्गत क्रमांकाने ओळखते. खातेदाराचे नाव तेच राहिले तरी खाते क्रमांक बदलला की संगणकाच्या लेखी ते नवे खाते असते. तसेच हे आहे. जुने व्हीसेंटर बाजूला ठेवून अगदी कोरे व्हीसेंटर उभारले आणि यंत्रे त्यात नव्याने नोंदविली, तर प्रत्येकाला नवा क्रमांक मिळतो आणि साखळी तुटते.

याचा परिणाम किती मोठा असतो? समजा, ४० आभासी यंत्रे आहेत, प्रत्येकाचा आकार ५०० जीबी आहे आणि रोज सरासरी १५ जीबी बदल होतो. एरवी रात्रीचा बॅकअप ६०० जीबीचा असेल. साखळी तुटल्यास त्या एका रात्री २० टीबी साठवावे लागतील. साठवण भरते, बॅकअप अर्धवट राहतो आणि जागा करण्याच्या घाईत कोणीतरी जुने बॅकअप पुसून टाकते. काही प्रणालींत तर यादीतून नाहीशा झालेल्या यंत्राचे बॅकअप ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाण्याची सोय असते. कोणी बटण न दाबताही जुनी वही नष्ट होऊ शकते, ती अशी. म्हणून बदलापूर्वी ही सोय तपासून तात्पुरती बंद ठेवावी.

बदलाचा क्रम

शक्य असेल तेथे कोरे व्हीसेंटर उभारण्याऐवजी अधिकृत अद्ययावतीकरणाचा मार्ग घ्यावा. त्यात नव्या व्हीसेंटरकडे जुन्याची ओळख व नोंदी जशाच्या तशा येतात. पुढील क्रम हितावह ठरतो :

१. प्रथम बॅकअप प्रणाली तपासावी. तिची सध्याची आवृत्ती नव्या व्हीस्फिअरला ओळखत नसेल, तर आधी तीच अद्ययावत करावी.

२. सर्व यंत्रांचा बॅकअप घेऊन त्यांपैकी काही प्रत्यक्ष पुनःस्थापित करून पाहावेत. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे; तो मूळ डिस्कवरच अवलंबून असतो. जुने स्नॅपशॉट या टप्प्यावर काढून टाकावेत.

३. व्हीसेंटरचा स्वतंत्र बॅकअप घ्यावा. तो पुनःस्थापित करताना त्याच आवृत्तीची स्थापना-फाइल लागते, म्हणून जुन्या आवृत्तीची फाइलही जपून ठेवावी.

४. मग व्हीसेंटर अद्ययावत करावे. नवे व्हीसेंटर नजीकच्या जुन्या आवृत्तीचे यजमान सर्व्हर सांभाळू शकते. जुने व्हीसेंटर मात्र नव्या आवृत्तीचे यजमान सांभाळू शकत नाही.

५. त्यानंतर यजमान सर्व्हर एकेक करून अद्ययावत करावेत. त्यांचे प्रोसेसर व इतर भाग नव्या आवृत्तीला चालतात का, हे खरेदी विभागाच्या सल्ल्याने आधीच पाहिलेले असावे.

६. आभासी यंत्राची 'हार्डवेअर आवृत्ती' सर्वांत शेवटी बदलावी.

या अखेरच्या सूचनेमागे महत्त्वाचे कारण आहे. व्हीस्फिअर ७.० ची हार्डवेअर आवृत्ती १७ आहे, तर ८.० ची २० आहे. १७ क्रमांकाचे यंत्र ८.० वर चालते. २० क्रमांकाचे यंत्र ७.० वर चालत नाही. मुख्य केंद्र नव्या आवृत्तीवर गेले आणि आपत्तीच्या वेळी उपयोगी पडणारे दूरचे केंद्र जुन्याच आवृत्तीवर राहिले, तर ऐन संकटात बॅकअप हाती असूनही तेथे यंत्र सुरू होणार नाही. तेव्हा दोन्ही केंद्रे नव्या आवृत्तीवर आल्याशिवाय हा क्रमांक बदलू नये.

परतीची वाट

व्हीसेंटरच्या अद्ययावतीकरणात जुने व्हीसेंटर बंद अवस्थेत शिल्लक राहते. यजमान सर्व्हर बदलण्यापूर्वी अडचण आली, तर नवे बंद करून जुने चालू करता येते. यजमानांची गोष्ट वेगळी आहे. ईएसएक्सआयच्या सहाव्या मालिकेतून सातवीत जाताना डिस्कवरील विभागांची मांडणीच बदलली आणि पूर्वीच्या आवृत्तीत सहज परतण्याची सोय उरली नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर 'येथून मागे फिरता येईल का?' हे लेखी नोंदवून मगच पुढे जावे.

अद्ययावतीकरणानंतर साखळी अखंड दिसली तरी एक नवी पूर्ण प्रत अवश्य घ्यावी. ईएसएक्सआय ६.० मध्ये बदललेल्या भागांची नोंद चुकीची मिळू शकते, असा दोष २०१५ मध्ये उघड झाला होता. बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश येई, परंतु आतील माहिती अपुरी असण्याचा संभव होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यावर दुरुस्ती निघाली. नव्या प्रणालीवरील पहिली पूर्ण प्रत अशा संशयाला जागा ठेवत नाही.

जपलेले वाचता आले पाहिजे

दीर्घकाळ जपावयाच्या बॅकअपसाठी आणखी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, वाचक यंत्र. एलटीओ टेपची सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे मागील दोन पिढ्यांच्या टेप वाचत. आठव्या पिढीचे यंत्र मागील एकच पिढी वाचते. टेप शाबूत आहे पण ती वाचणारे यंत्र भंगारात गेले, असे होऊ नये. दुसरी, कूटलेखनाची किल्ली. ती बॅकअपपासून वेगळी, परंतु जबाबदार अधिकाऱ्यांना सापडेल अशी असावी. तिसरी, सूची : कोणत्या यंत्राचा, कोणत्या तारखेचा, कोणत्या प्रणालीने घेतलेला बॅकअप कोठे आहे. जुना क्रमांक आणि नवा क्रमांक यांचा मेळ याच सूचीत घालावा.

रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी माहिती-तंत्रज्ञान कारभाराविषयी मुख्य निदेश प्रसृत केले व ते १ एप्रिल २०२४ पासून अमलात आले. बॅकअप घेणे पुरेसे न मानता तो वेळोवेळी पुनःस्थापित करून तपासावा, ही अपेक्षा त्यांत आहे. महत्त्वाच्या प्रणालींसाठी आपत्ती-निवारणाचा सराव किमान सहामाही करावयाचा आहे. अद्ययावतीकरणानंतरच्या पहिल्या सरावात बदलापूर्वीचा एक बॅकअप मुद्दाम निवडावा. त्याहून चांगली परीक्षा नाही.

ग्राहकांनाही यातून घेण्यासारखे आहे. मोबाइल किंवा संगणक बदलताना खाते-उतारे, कर-विवरणे, विम्याची कागदपत्रे नव्या साधनात केवळ उतरवून घेऊ नयेत; त्यांतील चार-दोन उघडून पाहावीत, त्यांचे पासवर्ड आठवतात ना याची खात्री करावी आणि मगच जुने साधन रिकामे करावे.

शिल्लक पुढे ओढताना हिशेबनीस मागील पानावरील बेरीज पुन्हा एकदा तपासतो. त्या काही क्षणांच्या तपासणीवर पुढील सबंध वहीचा विश्वास उभा असतो. यंत्रे बदलली तरी ही सवय सोडण्याचे कारण नाही.