घर्षण ओझे उचलते

जर्मनीच्या पश्चिम भागात, कोलोन शहराजवळ, हांबाख नावाची कोळशाची खाण आहे. तिच्यात बोगदे नाहीत. तो जमिनीत खणलेला एक प्रचंड उघडा खड्डा आहे. त्याची खोली सुमारे 400 मीटर आहे. दिल्लीच्या कुतुबमिनाराएवढे पाच मिनार या खड्ड्यात एकावर एक रचले, तरी त्यांचे टोक बाहेर डोकावणार नाही. येथे लिग्नाइट नावाचा तपकिरी कोळसा सापडतो. तो खणणारी यंत्रे अजस्र आहेत. त्यांच्या पुढच्या टोकाला एक भले मोठे चाक असते आणि चाकाला बादल्या बसवलेल्या असतात. सर्वांत मोठे यंत्र एका दिवसात 2 लाख घनमीटरांहून अधिक माती किंवा कोळसा खणू शकते.

एवढा कोळसा खड्ड्यातून वर कसा आणत असतील? त्यासाठी रबराचे लांबच लांब पट्टे आहेत. विजेच्या मोटारी हे पट्टे सतत फिरवत असतात. कोळसा पट्ट्यावर नुसता पडलेला असतो. तो बांधलेला नसतो, चिकटवलेलाही नसतो. तरी तो पट्ट्याबरोबर चढ चढून वर येतो. त्याला वर कोण नेते?

पट्टा कोळशाला खालून आधार देतो, हे खरे. पण हे आधाराचे बल पट्ट्याशी काटकोन करते आणि कोळसा तर पट्ट्याच्या दिशेने जातो. म्हणून त्या बलाने कार्य होत नाही. गुरुत्वाकर्षण कोळशाला खालीच ओढते. मग उरले एकच बल, घर्षण! कोळसा चढावरून खाली घसरू पाहतो. घर्षण त्याला घसरू देत नाही. ते त्याला चढाच्या दिशेने, म्हणजे वर ओढते. कोळसा जातोही वरच. बल आणि हालचाल एकाच दिशेने असली, की त्या बलाने धन कार्य केले असे म्हणतात.

'घर्षण गतीला विरोध करते' हे वाक्य आपण पाठ केलेले असते. ते अपुरे आहे. घर्षण विरोध करते ते घसरण्याला. दोन वस्तू एकमेकींवरून घसरत नसताना त्यांच्यामध्ये जे घर्षण असते, त्याला स्थितिक घर्षण म्हणतात. कोळसा हलतो आहे, पण पट्ट्यावर तो जागच्या जागीच आहे. म्हणून हे घर्षण स्थितिक.

हे पाहायला जर्मनीला जायला नको. पाण्याने भरलेला पेला बाजूंनी धरून उचला. तुमची बोटे पेल्याला आडवी दाबतात. आडव्या दाबाने पेला वर कसा जाईल? त्याला वर नेते ते बोटे आणि पेला यांच्यामधील घर्षण. बोटांना तेल लावून पाहा, म्हणजे पटेल. (पेला स्टीलचा घ्या, काचेचा नको!) आता पेला हातात स्थिर धरा. घर्षण आहे, पण पेला हलत नाही, म्हणून कार्य शून्य. पेला सावकाश खाली आणा. आता घर्षण वरच्या दिशेने आणि हालचाल खालच्या दिशेने. हे झाले ऋण कार्य.

पुन्हा खाणीकडे वळू. 1 किलोग्रॅम कोळसा 100 मीटर उंच चढला, तर घर्षणाने त्यावर सुमारे 1000 ज्यूल कार्य केले. ही ऊर्जा घर्षणाच्या पदरची नाही. ती मोटारीची, घर्षण ती फक्त कोळशापर्यंत पोहोचवते. कोळसा घसरत नाही, म्हणून पट्ट्यावर घासून उष्णतेच्या रूपाने ती वायाही जात नाही. मात्र घर्षणाला मर्यादा आहे. चढ फार उभा झाला, तर कोळसा घसरू लागेल. म्हणूनच पट्ट्यांचा चढ बेताचा ठेवतात आणि त्यामुळे पट्टे फार लांब होतात.

हा कोळसा जाळून वीज तयार करतात. पण या भागातील खाणींसाठी अनेक गावे उठवावी लागली, जंगल तोडावे लागले. कोळशाच्या धुराने हवाही बिघडते. या भागातील कोळशावरची वीजनिर्मिती 2030 पर्यंत थांबवायची, असे 2022 मध्ये ठरले. त्यानंतर हांबाखच्या खड्ड्यात ऱ्हाइन नदीचे पाणी सोडून मोठे सरोवर करण्याची योजना आहे. ते भरायला कित्येक वर्षे लागतील.