राहिलेला विषय
चंडीगढमधील सेक्टर ३४ शिकवणी वर्गांसाठी ओळखला जातो. तेथे अभ्यास करणारा एखादा विद्यार्थी बारावीत एका विषयात अनुत्तीर्ण झाला, तर त्याचे सारे वर्ष वाया जातेच असे नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची पुरवणी परीक्षा तो त्याच वर्षी देऊ शकतो. महाराष्ट्रात दहावीत एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत सशर्त प्रवेश मिळतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत पाच वर्षांत नऊ संधी असतात. उत्तीर्ण विषयांचे गुण जमा राहतात; पूर्वीच्या मंडळातील दोन विषयांपर्यंतचे गुणही ग्राह्य धरले जातात. मात्र अर्जाची मुदत चुकली, तर वाचणारे वर्षही हातचे जाते. म्हणून निकाल लागताच गुणपत्रक घेऊन शाळेत चौकशी करावी.