नोंद नसेल ते आत घेऊ नकोस

पोरी, नव्या लॅपटॉपवर उबुंटू टाकलंस, आता जावा टाकायचंय म्हणालीस. फोनवर सांगितलेलं विसरायला होतं, म्हणून लिहून पाठवतोय. कुंभकोणमच्या कॉलेजात लॅब सांभाळताना जे हाताला लागलं, तेवढंच सांगतो.

कुठल्याही साइटवरून फाईल उतरवून डबल क्लिक करायची सवय इथे सोड. आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनजेडीके-21-जेडीके’. असं घेतलं की प्रत्येक फाईलची नोंद सिस्टिमच्या वहीत होते: कोणत्या पॅकेजमधून आली, कुठे बसली, तिला आणखी काय काय लागतं. पुढे सुरक्षेची दुरुस्ती निघाली तर ‘ॲप्ट अपग्रेड’बरोबर तीही येते. लहानपणी आजोबा मला तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय दाखवायला न्यायचे. तिथे भोसल्यांच्या काळचे मोडी कागद आहेत. सूचीत आहे ते सापडतं, सूचीत नाही ते असून नसल्यासारखं, असं ते म्हणायचे. लॅबमध्ये ते मला रोज आठवायचं.

पॅकेजच्या नावातली शेवटची तीन अक्षरं नीट बघ. ‘जेआरई’ घेतलंस तर दुसऱ्याने बनवलेला प्रोग्रॅम चालेल, तुझा कंपाइल होणार नाही. दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला कोणीतरी यायचंच, ‘सर, जावा चालतं पण जावासी सापडत नाही.’

एकाच मशीनवर जावा 17 आणि 21 दोन्ही सुखाने नांदतात. नवं आलं म्हणून जुनं काढू नकोस, कॉलेजचा एखादा प्रोजेक्ट जुन्यावरच अडलेला असतो. ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा’ दिलंस की क्रमांकांची यादी येते, चालू असलेल्यापुढे चांदणी असते. हवा तो आकडा टाक. बहुतेक जण इथेच थांबतात. तू तीच कमांड लगेच ‘जावासी’साठी दे. नाचियारकोविलची समई पाहिली आहेस ना? बैठक, खांब, तबक, वरचा हंस, सगळं सुटं ओततात आणि आट्यांनी एकमेकांत बसवतात. एका समईचा खांब दुसरीच्या बैठकीत फिरवून बघ, दोन आटे जातो आणि अडतो. जावासी 21 आणि जावा 17 असं झालं की तसंच अडतं, आणि एररमध्ये 65.0 आणि 61.0 हे आकडे दिसतात. 65 म्हणजे 21, 61 म्हणजे 17. बांधणारा नवा, चालवणारा जुना, इतकाच त्याचा अर्थ. अशा वेळी आपला कोड खोडत बसू नकोस.

आता पायथन. हे मात्र दोनदा वाच. उबुंटू स्वतःची कितीतरी कामं आतल्या पायथनवर करतं. माझ्या लॅबमधल्या एका मुलाने ‘जुनं नको’ म्हणून ते काढायची कमांड दिली. काय काय जाणार याची लांबलचक यादी समोर आली होती, त्यात डेस्कटॉपसुद्धा होता. त्याने न वाचता ‘वाय’ दाबलं. मशीन पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर फक्त लॉगिनची ओळ उरली. त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणून ‘वाय’ दाबण्याआधी यादी वाचायचीच. तुझ्या लायब्ऱ्या प्रत्येक प्रोजेक्टच्या वेगळ्या ‘व्हेन्व’मध्ये, म्हणजे स्वतंत्र कप्प्यात ठेव आणि त्या बसवणाऱ्या ‘पिप’पुढे ‘सुडो’ कधी लावू नकोस. उबुंटू ज्यावर उभं आहे त्या डेबियनच्या 12 पासून, आणि नव्या उबुंटूतही, व्हेन्वबाहेर पिप चालवलं तर सिस्टिमच अडवते. ती अडवणूक मोडायचा पर्याय आहे, त्याचं नावच ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’. कोणी कितीही सांगितलं तरी तो वापरू नकोस.

एक साधी वही कर. तारीख, दिलेली कमांड, कशासाठी दिली, बस.

आज रात्री ‘जावा --व्हर्जन’ आणि ‘जावासी --व्हर्जन’ टाकून बघ. दोन्हीकडे 21 आलं की मला कळव.