आधी पेन्सिल, मग पैसे

काल रात्री तू पाठवलेले फोटो मी तीनदा बघितले. पहिल्यांदा गाडी बघितली. दुसऱ्यांदा तुला, बॉनेटला टेकून उभी आहेस ती. आबांनी पहिला ट्रॅक्टर दारात आणला तेव्हा तेही असेच उभे होते. तिसऱ्यांदा चष्मा लावला, आरसी बुकाचा फोटो मोठा करून वाचला आणि झोप उडाली.

तू लिहितेस, "ताई, चासी नंबरात एकच आकडा वेगळा आहे गं, आणि इंजिनचा नंबर जुळत नाही, पण एजंट म्हणतो होऊन जाईल." बयो, आमची ब्याऐंशीची पद्मिनी घेताना हेच 'होऊन जाईल' मी ऐकलं होतं. त्यात माझे अकरा महिने गेले. तुझ्या दाजींना त्यातलं अर्धंच ठाऊक आहे, ते तसंच राहू दे. तुला मात्र सगळं सांगते.

आधी एक भीती काढून टाक. आरसीवर 'फिएट' आणि गाडीच्या मागे 'पद्मिनी' म्हणून तू घाबरलीस, त्यात काही नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ही गाडी फिएटच्या परवान्यावर बनायची. सत्तरीच्या सुरुवातीला तो करार संपला, मग १९७३ मध्ये तीच गाडी 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. लोकांनी शेवटपर्यंत तिला फिएटच म्हटलं, मग लिहिणारा कारकून तरी वेगळं काय लिहिणार? तुझी चौऱ्याहत्तरची आहे, म्हणजे नेमकी त्या बारशाच्या वेळची. नावाचा घोळ चालतो, नंबरांचा नाही.

आणि नंबरांचे दोन घोळ म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, एका औषधाने बरे होणारे नाहीत. इंजिन बदलता येतं. या गाड्यांत १०८९ सीसीचं इंजिन असायचं. चाळीस-पन्नास वर्षांत कुणीतरी कधीतरी ते उतरवून दुसऱ्या गाडीचं चढवलेलं असतंच, कित्येकदा मोडीत निघालेल्या टॅक्सीचं. कायद्यात त्याला जागा आहे. इंजिन बदललं की मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा. तसं कळवलंय कुणी? कुणीच नाही. चासीचं तसं नाही. चासी नंबर जुळला नाही तर कागदावरची गाडी आणि दारातली गाडी या दोन वेगळ्या गाड्या. म्हणून तुझ्या त्या 'एकाच आकड्या'चं मला इंजिनपेक्षा जास्त भय वाटतं.

आता शनिवारी जाशील तेव्हा पाकिटाऐवजी हे घेऊन जा: रॉकेलचा बोळा, पातळ कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल. बॉनेट उघड, मिस्त्रीला नंबर कुठे ठोकलाय ते दाखवायला सांग. रॉकेलने तेवढी जागा पूस, पॉलिश पेपर लावू देऊ नकोस. कागद घट्ट धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवायची, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तशी. आकडे एकेक करून पांढरे वर येतात. आमच्या गाडीवर आरसीत ३ होता, तिथे कागदावर आधी उजवीकडच्या दोन कमानी आल्या. म्हटलं, चला, तीनच आहे, माझेच डोळे गेलेत. मिस्त्रीने कागद न हलवता पेन्सिल पुन्हा डावीकडून फिरवली, आणि तिथे रंगाने भरलेली बारीक कड उमटली. आठ होता.

छाप दोन-तीन घे. मग आकडे वाचू नकोस, आकड्यांच्या आजूबाजूला बघ. एखादाच आकडा जास्त खोल गेलाय का? ओळ तिथेच वाकडी झालीय का? पत्रा त्याच जागी गुळगुळीत घासलेला, कडेला वेल्डिंगचा ओघळ, सगळीकडे जुना रंग आणि तेवढ्याच चौकोनात नवा? यातलं एक जरी दिसलं तर गाडी कितीही आवडू दे, टोकन परत माग आणि घरी ये. नाही दिलं तर बुडालं म्हण. चोरीच्या गाडीपेक्षा बुडालेलं टोकन स्वस्त. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या, साइटवर चासी आणि इंजिन दोन्ही नंबर टाकून चोरीची नोंद बघता येते. इंजिनचाही बघ, कारण ते इंजिन कुठल्या गाडीतून आलं ते आपल्याला कुठे माहीत आहे?

आता माझी चूक सांगते. मी पैसे पूर्ण दिले आणि मग छाप घेतला. आठ निघाल्यावर आमचा एजंट म्हणाला, "वहिनी, कशाला अर्ज-बिर्ज? एक माणूस आहे, आठाचा तीन करून देतो, कागद आपोआप जुळतो." आणि मी, शिकलीसवरलेली बाई, एक रात्र खरंच विचार करत होते. सकाळी मिस्त्रीला विचारलं तर तो पाना खाली ठेवून उठलाच. म्हणाला, "ताई, पत्र्याला हात लावलात तर गाडी कायमची मेली. कागद कितीदाही लिहिता येतो." ठोकलेला नंबर खोडणं किंवा बदलणं सरळ गुन्हा आहे, आणि एकदा का तो बदलला की खरा नंबर काय होता याचा शेवटचा पुरावाही आपणच पुसलेला असतो. तेव्हा कुणीही, अगदी कुणीही, 'पंच मारून घेऊ' म्हणाला की त्याला चहा पाज आणि रवाना कर.

मग चूक कागदात आली कुठून? आमच्या बाबतीत मूळ नोंदवहीत ८ होता. शाईचा होता, डावीकडून जरा उघडा राहिलेला. पुढे कधीतरी आरसी बुक भिजलं, दुय्यम प्रत निघाली, आणि नक्कल करणाऱ्याला त्या आठाचा तीन दिसला. नंतर हाताने लिहिलेल्या नोंदी संगणकावर चढल्या तेव्हा तो तीनही चढला. सातबाऱ्यावर एकदा चुकलेलं नाव पिढ्यान्‌पिढ्या कसं उतरत जातं, तू बघितलंयस. म्हणून हातातल्या बुकावर थांबायचं नाही. गाडी पहिल्यांदा जिथे पास झाली त्या आरटीओतून नोंदीचा उतारा काढायचा. एजंट लोक त्याला 'आरसी पर्टिक्युलर' म्हणतात. तुझ्या गाडीचा नंबर एमएमने सुरू होतो, म्हणजे मुंबईचा जुना नंबर. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत नंतर आली, १९८९ मध्ये नवा मोटार वाहन कायदा लागू झाला तेव्हाची. इतकी जुनी नोंद संगणकावर असेलच असं नाही. नसली तर आधी ती चढवून घ्यावी लागते, बॅकलॉग म्हणतात. तोवर एकही अर्ज ऑनलाइन पुढे सरकत नाही.

ऑनलाइनची आणखी एक गंमत. 'वाहन'च्या साइटवर गाडीचा नंबर टाकला की ती चासीचे शेवटचे पाच आकडे विचारते. तुझा चुकलेला आकडा त्या पाचांत असेल तर खरा नंबर टाकून दार उघडणारच नाही, खोटा टाकावा लागेल. मी महिनाभर खरा टाकत बसले आणि साइटला शिव्या देत बसले.

उताऱ्याबरोबर विकणाऱ्याच्या घरातले जुने कागद माग. विम्याच्या जुन्या पॉलिस्या, टॅक्सच्या पावत्या, आधीच्या पासिंगचे कागद. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतं हे सगळं, घरातल्या म्हातारीला विचारलंस तर सापडतं. आम्हाला १९८६ ची एक विम्याची पावती मिळाली, तिच्यावर टाइप केलेला आठ होता. त्या पावतीने जे काम केलं ते आमच्या वकिलानेसुद्धा केलं नाही. पावती, पेन्सिलचा छाप, मूळ नोंदीचा उतारा आणि प्रतिज्ञापत्र एवढं जोडून दुरुस्तीचा अर्ज गेला. मग इन्स्पेक्टर साहेबांनी गाडी समोर आणायला लावून नंबर स्वतः वाचला. एवढंच. मग अकरा महिने कशात गेले?

ते गेले सहीत. नीट ऐक, खरी गोम इथे आहे. दुरुस्तीचा अर्ज गाडी ज्याच्या नावावर आहे त्यानेच करायचा असतो. मी पैसे देऊन मोकळी झाले होते, त्यामुळे आम्हाला गाडी विकणाऱ्या गृहस्थांना माझ्यासाठी तालुक्याला यायची गरजच उरली नव्हती. आज लग्न, उद्या कंबर, परवा उसाला पाणी. म्हणून तुला सांगते, दुरुस्ती करून घे ती गाडी विकणाऱ्याच्या नावावर असताना, त्याच्याकडून, पैसे पूर्ण द्यायच्या आधी. निम्म्याहून जास्त रक्कम हातात ठेव. आणि साध्या भाषेत लिहून घे: चासी नंबर दुरुस्त करून, इंजिनची नोंद चढवून आरसी हातात आली की उरलेले पैसे, नाही आली तर टोकन परत. विकणारा रागावला तर रागावू दे. गाडी खरीच त्याची असेल तर त्यालाही हे सोपं आहे.

पण ती त्याची आहे का? फोटोतल्या आरसीवरचं आडनाव आणि तू सांगतेस ते आडनाव, दोन्ही वेगळी आहेत. हे तू मला सांगितलंच नाहीस! बहुतेक असं असेल की त्याने कुणाकडून तरी गाडी नावावर करायच्या कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी आणली आणि स्वतःच्या नावावर कधी केलीच नाही. हे सर्रास चालतं. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत फॉर्म २९ देऊन कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत फॉर्म ३० भरायचा. पाळतंय कोण! मूळ मालक हयात असतील तर त्यांना गाठ, सही त्यांचीच लागेल. गेले असतील तर आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी भावाबहिणींची ना-हरकत. मग तुझ्या नावावर. बहिणींना विसरू नकोस हं, पुण्यात दिलेली एखादी आत्या शेवटच्या क्षणी उगवते आणि तिचं म्हणणंही चूक नसतं. मालक टाळाटाळ करू लागले तर एक गोष्ट त्यांच्या कानावर घाल: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की गाडी विकली तरी नोंदीवर नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. आमचे गृहस्थ हे ऐकल्यावर कंबर विसरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले. अकरा महिन्यांनी का होईना.

बुकाच्या मागच्या पानावर बँकेचा बोजा आहे का तेही बघ. कर्ज कधीच फिटलेलं असतं, शिक्का मात्र तसाच राहतो आणि बँक तोवर दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. आणि नोंदणीची मुदत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, आता वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार आहे, आणि उशिराचा दंड महिन्याला पाचशे. शिवाय पर्यावरण कर. गाडीचं दार सहा वर्षं उघडलं नव्हतं म्हणतेस, तर मुदत बहुतेक संपलेली आहे. हा खर्च किमतीतून वळता करून घे, लाजू नकोस. भाजीवालीशी घासाघीस करतेस ना?

शेवटचं, ते 'व्हिंटेज'चं. पन्नास वर्षं झाली म्हणून तुझ्या डोक्यात ते खूळ एजंटने घातलंय, हे ओळखलं मी. २०२१ च्या नियमांत खरोखर सोय आहे. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए'. पण तशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर काढायची. तुला तर पोरांना शाळेत सोडायचंय आणि दिवाळीला आबांना देवदर्शनाला न्यायचंय. मग साधं नूतनीकरणच बरं. आणि एजंट 'व्हिंटेज केली की नंबरांचं कुणी बघत नाही' म्हणाला असेल तर ते खोटं आहे. तिथे जास्तच बघतात.

इंजिनचं काय करायचं ते समोरासमोर बोलू. ते कुठून आणलं त्याची पावती किंवा ज्या गाडीचं होतं तिची नोंद रद्द झाल्याचा कागद मिळतो का, यावर ते अवलंबून आहे. विकणाऱ्याला आजच विचारून ठेव, गोड बोलून.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते. रॉकेल मिळालं नाही तर थिनर चालेल, पण थोडंच. आणि टोकन किती दिलंस ते फोनवर दोनदा टाळलंस. खरा आकडा सांग, आबांना नाही सांगत.